भिंतीवरचा नंबर

मामाला मेमो मिळाला तो दुपारच्या चहाच्या वेळी, आणि त्यावर शिक्का होता.

शिक्का पाहिला मात्र, त्याच्या भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेमोत काय लिहिलंय ते तिने नंतर वाचलं, आधी शिक्का. गोल, निळा, कडा स्वच्छ उमटलेल्या. हाच शिक्का एका साध्या कागदावर मिळावा म्हणून ती गेले एकोणीस दिवस पाढेसाहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहत होती. शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली घरी राहिली, शाई वाळलीय, आज नको उद्या, ठेवून जा बघतो. एकोणीस दिवसांत त्या शिक्क्याला जेवढी दुखणी झाली तेवढी माणसाला जन्मात होत नाहीत. आणि आज सकाळी अकराला प्लेटा चुकल्याचं कळलं, तर तीनच्या चहापर्यंत शिक्का खडखडीत बरा होऊन कागदावर उमटलासुद्धा.

पाढेसाहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. हे नाव त्यांना कामगारांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे घ्यायचं. साहेबांना आकडे पाठ असत. सुट्या भागांचे नंबर, ट्रकांचे नंबर, पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर. कुणी डायरी उघडली की ते हात वर करून त्याला थांबवायचे, डोळे मिटायचे, नंबर घडाघडा म्हणून दाखवायचे आणि मग कौतुकाची वाट बघत उभे राहायचे. कौतुक करावंच लागे. त्याशिवाय ते जागचे हलत नसत.

तर हे पाढेसाहेब चहाच्या खोलीत पंचेचाळीस माणसांसमोर उभे राहिले आणि त्यांनी मेमो मोठ्याने वाचला. वाचला कसला, पाठ म्हणून दाखवला. कागद नुसता हातात धरलेला. “कटिंग विभागाच्या ऑपरेटरने सुधारित ड्रॉइंग न पाहता, निष्काळजीपणे, जुन्या मापाने तीनशे चाळीस प्लेटा कापल्या. सदर नोंद त्यांच्या सर्व्हिस बुकात घेण्यात येत आहे.” मग कागद मामाच्या हातात देत म्हणाले, “मामा, शुक्रवारी मोठ्या बाई येतील. त्यांच्यासमोर तुमचं काय ते सांगा. तोवर वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. चारचौघांत माणसाच्या तोंडाला काळं फासायचं, आणि वर त्यालाच सांगायचं की वाईट वाटून घेऊ नको.

मामाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, कप विसळला, जागेवर पालथा घातला आणि मशीनवर गेला.

सगळा कारखाना त्याला मामाच म्हणायचा, पण तिचा तो सख्खा, आईच्या पाठचा भाऊ. एकतीस वर्षं तो एकाच कटिंग मशीनवर होता. लिफ्टच्या दारांना आतून लागणाऱ्या लोखंडी प्लेटा कापायच्या, त्यांना भोकं पाडायची, हे त्याचं काम. लिफ्टमधून रोज वरखाली करणाऱ्या लाखो माणसांना अशी प्लेट असते हे माहीतही नसतं, आणि मामाच्या मते ते तसंच असायला हवं. प्लेट माहीत झाली म्हणजे काहीतरी बिघडलं. निवृत्त व्हायला त्याला दहा आठवडे उरले होते.

कारखान्यात एक जुनी रीत होती. ज्याच्या सर्व्हिस बुकात एकही वाईट नोंद नाही, त्याच्या नावाची पितळी प्लेट, शक्यतो त्यानेच कापलेली, शेवटच्या दिवशी चहाच्या खोलीत लागे. अशा अकरा प्लेटा भिंतीवर होत्या. अकरांतल्या सात मामाने कापलेल्या, कारण ज्यांना मशीन येत नसे ते त्याच्याकडे येत. आठवी स्वतःची कापायची म्हणून त्याने पितळेचा एक तुकडा कापडात गुंडाळून हत्यारांच्या खणात केव्हाच ठेवून दिला होता. आता मेमो सर्व्हिस बुकात गेला की तो तुकडा खणातच राहणार. याला कारण काय, तर एक नंबर.

हा नंबर काय भानगड आहे ते नीट सांगायला हवं, नाहीतर पाढेसाहेबांनी केलं ती नुसती नजरचूक वाटेल.

ती कारखान्यात नेटवर्क सांभाळत होती. सगळे तिला नेटवर्कवाली म्हणत. कारखान्याची सगळी ड्रॉइंगं एका सर्व्हरवर असत. सर्व्हर म्हणजे काही अगडबंब यंत्र नव्हे. स्टोअरच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवलेला, पंख्याची घरघर करणारा एक कम्प्युटर. कुणाला ड्रॉइंग हवं असेल त्याने ब्राउझर उघडायचा आणि वरच्या पट्टीत त्या कम्प्युटरचा नंबर टाकायचा. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, वीस. असला नंबर पाढेसाहेब सोडून कुणाच्या बापाच्या लक्षात राहणार? म्हणून प्रत्येकाच्या स्क्रीनच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असे.

कटिंगच्या खोलीत मात्र चिठ्ठी चालत नसे. मशीनजवळच्या भिंतीवर शिक्का नसलेला कागद लागणार नाही, आणि शिक्क्याचा कागद साहेबांच्या सहीशिवाय निघणार नाही, असा नियम होता. फार पूर्वी कुणीतरी भिंतीवर पेन्सिलीने एक माप लिहून ठेवलं होतं आणि दुसऱ्याने ते भलत्याच प्लेटला लावलं, तेव्हापासूनचा हा नियम. चांगलाच होता, तीही कबूल करायची. नंबराचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चार स्क्रूंनी भिंतीला पक्का केलेला होता, खाली शिक्का आणि साहेबांची झोकदार सही.

जुना सर्व्हर थकला तेव्हा तिने नवा बसवला. त्याचा नंबर वेगळा, शेवटी वीसच्या जागी साठ. आता चाळीस चिठ्ठ्या बदला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा चाळीस बदला. त्यापेक्षा सर्व्हरला नावच ठेवावं, असं ठरवून ती साहेबांकडे गेली.

“साहेब, फोनवर आईशी बोलायचं असेल तर तुम्ही काय दाबता? नंबर की नाव?”

“नंबर,” साहेब म्हणाले. “पाठ आहे.”

तिथेच तिने ओळखायला हवं होतं. पण ती नेटाने पुढे बोलत राहिली. “बाकीचे लोक ‘आई’ असं नाव दाबतात. आईचा नंबर बदलला तर फोनमध्ये एकदाच बदलायचा, नाव तेच राहतं. तसंच आपण ऑफिसात करू. आपली आपली एक यादी ठेवायची, कुठलं नाव म्हणजे कुठला नंबर. डीएनएस म्हणतात त्याला. लोक नाव टाकतील, यादी नंबर सांगेल. सर्व्हर बदलला तर मी यादीत एक ओळ बदलीन. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“अशी यादी इंटरनेटवर असतेच की. आपण कशाला?”

“बाहेरच्या यादीत बाहेरची नावं, साहेब. आपल्या कपाटातला कम्प्युटर त्यांना कसा माहीत असणार? आपल्या घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते चौकातल्या दुकानदाराला विचारून कळत नाही.”

साहेब हसले. मग म्हणाले, “चालू नेटवर्कला हात लावू नका. आणि तो जुना सर्व्हरही बंद करायचा नाही. त्याचा नंबर मला पाठ आहे.”

ती आणखी दोनदा गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्याच अर्जाच्या कडेला लिहून दिलं, ‘जुना चालू ठेवावा. नाव वगैरे नको.’ असा माणूस. स्वतःला एक नवा आकडा पाठ करायला नको म्हणून सगळ्या कारखान्यात दोन सर्व्हर घरघरत ठेवणारा. नवी ड्रॉइंगं फक्त नव्यावर जाणार, जुन्यावर जुनीच राहणार, आणि चुकून जुना नंबर टाकला तर ‘सापडत नाही’ असं काही येणार नाही. जुनं ड्रॉइंग अगदी शहाण्यासारखं उघडणार. हेही तिने सांगितलं होतं. साहेबांनी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

मग तिने ऑफिसातल्या चाळीस चिठ्ठ्या एका दिवसात, टेबलाटेबलावर जाऊन, स्वतः बदलल्या. भिंतीसाठी नवा कागद छापला आणि शिक्क्यासाठी साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला. तिथून त्याचं भिजत घोंगडं सुरू झालं.

मामाला तिने सांगितलं नव्हतं असंही नाही. मामा तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर एकटाच राहायचा आणि संध्याकाळी जेवायला खाली यायचा. त्याच आठवड्यात ती ताट वाढताना म्हणाली होती, “मामा, ड्रॉइंगचा नंबर बदललाय हं. वीसच्या जागी साठ.”

“भिंतीवर आलाय?”

“येईल. शिक्का व्हायचाय.”

“मग आला की बघीन. ठमे, घरी जेवताना ऐकलेल्या नंबरावर मी मशीन चालवत नाही. आज मी चालवलं तर उद्या दुसरा कुणी पानाच्या टपरीवर ऐकलेल्या नंबरावर चालवेल.”

ठमी हे तिचं लहानपणापासूनचं नाव, हट्टी म्हणून मामानेच ठेवलेलं. त्या दिवशी हट्टी कोण होतं ते दिसतच होतं. ती चिडली, पण बोलणं खरं होतं, म्हणून गप्प बसली. ते गप्प बसणं आता तिला खात होतं.

सोळाव्या दिवशी प्लेटचं सुधारित ड्रॉइंग आलं. कडेची भोकं सहा मिलिमीटर आत सरकली होती. ड्रॉइंग नव्या सर्व्हरवर गेलं. मामाने चष्मा लावून भिंतीवरचा नंबर बघितला, एका बोटाने एकेक आकडा टाकला, समोर आलं ते ड्रॉइंग उघडलं आणि तीन दिवस खपून तीनशे चाळीस प्लेटा कापल्या. एकही कड खरखरीत नव्हती. सगळ्यांची भोकं सहा मिलिमीटर चुकलेली.

मेमोच्या संध्याकाळी घरात आई कुणाशीच धड बोलत नव्हती. भांडी मात्र बोलत होती. शेवटी तिने पोळीचा डबा आपटला आणि मुलीला म्हणाली, “तू काय करत होतीस मग? कम्प्युटर तुझे ना? तुझ्या कम्प्युटरमुळे माझ्या भावाला चोरासारखं उभं केलं.”

“आई, मी तीनदा सांगितलं होतं साहेबांना.”

“चौथ्यांदा सांगायचंस.”

मामा जेवत होता. तो म्हणाला, “ताई, तिला बोलू नकोस. आणि ठमे, शुक्रवारी तू तोंड उघडायचं नाहीस.”

“का म्हणून?”

“भाची मामाची बाजू घेते म्हणतील. तू खरं सांगशील आणि ते खोटं ठरेल. वर तुझ्यावर खार धरतील ते वेगळंच. माझे दहा आठवडे राहिलेत, तुझी अजून सगळी नोकरी पडलीय.”

“आणि तुझी प्लेट?”

मामा पाणी प्यायला. “पितळ काही वाया जात नाही,” तो म्हणाला. “कशालातरी लागेल.”

हे ऐकून तिला जेवण गेलं नाही. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं भिंतीवरच्या शिक्क्याचा मान राखणाऱ्या माणसाला त्याच शिक्क्याने हाणायचं, आणि त्याने मात्र पितळ कशाला लागेल याचा विचार करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती कारखान्यात हजर होती. परवानगी नव्हती. मागायची नाही हे तिने बसमध्येच ठरवलं होतं. फार तर आपल्यालाही मेमो देतील; घरात एकाच्या जोडीला दुसरा.

काम खरं तर एवढंसं होतं, आणि याच एवढ्याशा कामाला तीनदा नकार मिळाला होता याचा तिला पुन्हा नव्याने संताप आला. नव्या सर्व्हरवरच तिने नावांची यादी चालू केली. नाव साधं ठेवलं, ‘ड्रॉइंग’, मग टिंब, मग ‘आत’. बाहेरच्या जगात कुणाच्याच नावाला अशी शेपटी नव्हती, त्यामुळे घोटाळा व्हायची भीती नाही. त्या नावापुढे नवा नंबर. खाली दुसरी सूचना, की यादीत नसलेलं काहीही विचारलं तर बाहेर विचारून सांग, नाहीतर लोकांचं इंटरनेट बंद पडायचं आणि आठ वाजता तिच्या नावाने शंख सुरू व्हायचा. मग नेटवर्कच्या राउटरला सांगून ठेवलं की इथून पुढे जो कम्प्युटर सुरू होईल त्याला म्हणावं, नावं विचारायची ती या यादीला.

आठला माणसं आली, कम्प्युटर सुरू झाले आणि नाव चालू लागलं. फक्त स्टोअरकीपरच्या टेबलावर अडलं. “तुझं हे ‘आत’ माझ्याकडे बाहेरच आहे,” तो म्हणाला. पाहिलं तर त्याच्या कम्प्युटरमध्ये कुणीतरी कोणे एके काळी बाहेरच्या यादीचा पत्ता हाताने घालून ठेवला होता, म्हणून तो मिठाचा डबा खरोखरच चौकातल्या दुकानदाराला विचारत बसला होता. तिने तो पत्ता काढला, आणि त्याचंही उघडलं. स्टोअरकीपरने आपणहून पिवळी चिठ्ठी ओढून काढली, चुरगळली आणि म्हणाला, “मामांचं काय होणार गं?”

“उद्या कळेल,” ती म्हणाली.

कटिंगच्या खोलीत ती गेली नाही. तिथली भिंत मामाची होती, आणि बिनशिक्क्याचा कागद त्याने तिच्याकडूनही लावून घेतला नसता.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. कारखाना त्यांच्या नवऱ्याने काढला आणि तो गेल्यावर त्यांनी वाढवला. सत्तरी उलटली होती, पण पर्समध्ये अजून स्टीलची पट्टी असायची. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या मधोमध चुकलेली एक प्लेट ठेवली होती. एका बाजूला मामा, धुतलेला शर्ट घालून. समोर पाढेसाहेब. कोपऱ्यात ती, मोठ्या पडद्याची वायर बघायला बोलावलेली.

साहेबांनी मेमो पुन्हा तोंडपाठ म्हणून दाखवला. बाईंनी मामाकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

“भिंतीवर होतं ते पाहून कापलं,” मामा म्हणाला. त्याचं म्हणणं एवढंच होतं.

“नंबर बदलल्याचं सगळ्यांना कळवलं होतं, बाई,” साहेब म्हणाले. “ऑफिसात एकाचीही चूक झाली नाही. आणि मामांच्या तर घरातच नेटवर्क आहे.” असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले.

ती उठून उभी राहिली. मामाने मान हलवून नको म्हटलं. साहेब म्हणाले, “तुम्ही बसा. भाचीला वाटणारच. आम्ही समजू शकतो.”

“मी मामाबद्दल काही बोलतच नाही,” ती म्हणाली. “बाईंना चुकलेली प्लेट आणि बरोबर ड्रॉइंग शेजारी शेजारी बघायला हवं, एवढंच म्हणते. साहेब, तुम्हीच उघडून दाखवा. मी कीबोर्डला हात लावत नाही.”

तिने हे ठरवून केलं का? केलं. लाज वाटली का? बिलकूल नाही.

साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. पलीकडेच नव्या नंबराची पिवळी चिठ्ठी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डोळे अर्धे मिटले आणि बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत म्हणत टाइप केलं. “एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस.” पडद्यावर ड्रॉइंग आलं. साहेबांनी क्षणभर कौतुकाची वाट पाहिली आणि मग पेनाने दाखवलं. “हे बघा बाई, कडेपासून होल किती, अठ्ठेचाळीस एमएम. आणि मामांनी काय केलंय ते आता तुम्हीच मोजा.”

बाईंनी पट्टी काढली आणि प्लेटवर ठेवली. चष्मा वर सारून वाकून पाहिलं. मग दुसरं भोक मोजलं, तिसरं मोजलं, चौथं मोजलं.

“अठ्ठेचाळीस,” बाई म्हणाल्या. “चारही अठ्ठेचाळीस. तुमच्या या ड्रॉइंगप्रमाणे अगदी केसभर इकडेतिकडे नाही. मग चूक कुठे आहे?”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “हे... हे जुनं उघडलं, बाई.”

“तुम्ही उघडलंत.”

“सवयीने जुना नंबर टाकला गेला.”

“माझ्या भिंतीवर तोच आहे,” मामा म्हणाला. “खाली सही तुमची आहे, साहेब.”

एवढ्यावर माणसाने मान खाली घातली असती. पण साहेब कसले घालतात. त्यांनी हात झटकले आणि खापर फोडायला दुसरं डोकं शोधलं. “तसं असेल तर दोष नेटवर्कचा. जुना सर्व्हर चालू ठेवलाच का? आणि भिंतीवरचा कागद का बदलून घेतला नाही?”

तिने फाइलमधून आपला अर्ज काढून बाईंसमोर ठेवला. कडेला साहेबांचंच अक्षर होतं, जुना चालू ठेवावा, नाव वगैरे नको. “आणि भिंतीचा कागद साहेबांच्या ट्रेमध्ये आहे,” ती म्हणाली. “एकवीस दिवस झाले.”

“ट्रे आणा,” बाई म्हणाल्या.

ट्रे आला. बाईंनी एकेक कागद बाजूला केला. तळाशी नवा नंबर छापलेला तिचा कागद होता. शिक्क्यासाठी मोकळी सोडलेली जागा मोकळी नव्हती; तिथे चहाच्या कपाचा गोल उमटला होता, तपकिरी, शिक्क्याएवढाच. बाईंनी तो कागद अर्जाशेजारी ठेवला.

“आणि हे नाव वगैरे म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

तिने टाइप करून दाखवलं. ‘ड्रॉइंग’, टिंब, ‘आत’. सुधारित ड्रॉइंग उघडलं, भोक चोपन्न मिलिमीटरवर. “भिंतीवर हे नाव असतं तर कागद बदलावाच लागला नसता. काल सकाळी सुरू केलं. परवानगी नव्हती,” ती म्हणाली.

“हं,” बाई म्हणाल्या. “केलंच आहेस तर राहू दे. तो जुना आज बंद कर.” मग मामाकडे वळल्या. “मेमो रद्द. झालं ते झालं. विसरून जा, मामा.”

“हो हो, विसरून जा,” साहेब लगेच म्हणाले.

तिच्या ओठांवर आलेलं ती गिळत होती, तेवढ्यात मामा उठला. मेमोची घडी त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली.

“बाई, हा मला एकट्याला बोलावून दिला असता तर विसरलो असतो. हा पंचेचाळीस जणांसमोर वाचला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं होती त्यांत. रद्द झालेलाही तिथेच वाचा. ज्याने वाचला त्यानेच. आणि शिक्क्यासकट.”

“मामा, लगेच कसं?” साहेब म्हणाले. “शिक्का कपाटात आहे, सोमवारी बघून...”

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. “तीनला चहा असतो ना?”

तीनला चहाच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. स्टोअरकीपर खिडकीत चढून बसला होता. अकरा पितळी प्लेटांच्या भिंतीला पाठ लावून पाढेसाहेब उभे राहिले आणि त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. गाड्यांचे, फोनांचे, ट्रकांचे नंबर ज्यांच्या जिभेवर, त्या साहेबांना सहा ओळी पाठ नव्हत्या. ते अडखळत वाचत होते. “सदर चूक ऑपरेटरची नसून...” इथे थांबले.

“पुढे वाचा, साहेब,” मामा म्हणाला.

“...ऑपरेटरची नसून, भिंतीवरील कागद वेळेवर न बदलल्याची, म्हणजे माझी आहे. मेमो मागे घेण्यात येत आहे. सर्व्हिस बुकात कोणतीही नोंद नाही.”

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मामा पुढे झाला. कागद घेतला, चष्मा लावला, शिक्का बघितला, सही बघितली, घडी घालून खिशात ठेवला. कप विसळला, जागेवर पालथा घातला आणि कटिंगच्या खोलीकडे निघाला.

ती धावत मागोमाग गेली. तिच्या हातात भिंतीसाठी नवा कागद होता, त्यावर फक्त ते नाव. मामाने स्क्रू ड्रायव्हरने जुना कागद काढला, चारही स्क्रू तळहातावर घेतले आणि मग तिच्याकडे न बघता हात पुढे केला.

“शिक्का आहे?”

“आहे.”

त्याने तरी कागद उजेडात धरून खात्री केली. मगच स्क्रू तिच्या हातात दिले. तिने कागद लावला. स्क्रू फिरवताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिसरा स्क्रू वाकडा बसला, आणि मामाने तो तिला काढून पुन्हा लावायला लावला.

मग तो स्टुलावर बसला आणि भिंतीकडे बघत त्याने एका बोटाने एकेक अक्षर टाकलं. ड्रॉइंग उघडलं. त्याने माप मोठ्याने वाचलं, चोपन्न, आणि मशीनचं बटण दाबलं.

“ठमे, बाजूला हो आता,” तो म्हणाला. “तीनशे चाळीस कापायच्यात.”